गेलन स्टास्नीला कुणी अटक करेल का?

बर्डेट काउंटीच्या शाळेला बसचालक हवा होता आणि गेलन स्टास्नीला काम हवं होतं. दोघांच्या मध्ये फक्त चार पानांचा एक अर्ज होता. एवढं अंतर माणसं सहसा सुखरूप पार करतात. गेलनही तेराव्या प्रश्नापर्यंत व्यवस्थित गेला. चौदाव्या प्रश्नापाशी त्याने पेन खाली ठेवलं.

‘आपल्या नावावर कोणत्याही कोर्टाचं अटक वॉरंट सध्या जारी आहे काय?’ पुढे दोन चौकोन. होय. नाही.

“नाहीवर खूण कर आणि जेवायला ये,” डोरीन स्वयंपाकघरातून म्हणाली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यामुळे नवऱ्याचं पेन थांबलेलं तिला भिंतीपलीकडूनही ऐकू यायचं.

“पण नाही हे मला ठाऊक कुठंय?”

“तू कुणाचा खून केलायस का?”

“माझ्या माहितीत तरी नाही.”

“मग?”

“माझी माहिती म्हणजे काही पुरावा नव्हे, डोरीन.”

यात गेलनचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं विमा कंपनीच्या डोब्री शाखेत बसून त्याने लोकांना एकच गोष्ट सांगितली होती, की तपासल्याशिवाय कशावरही सही करू नका. गेल्या वसंतात ती शाखा बंद झाली. स्वतःच्या निरोपाच्या कागदावर सही करायलाही त्याने चार दिवस घेतले, त्यामुळे शाखेपेक्षा तो चार दिवस जास्त टिकला. त्यानंतरचे पाच महिने त्याने गॅरेजमधले खिळे लांबीनुसार लावले, मग जाडीनुसार लावले, आणि आता ते पुन्हा मिसळून टाकावेत असे विचार मनात यायला लागले होते. अशा वेळी शाळेची पाटी दिसली. उत्तर फेरीचा जुना चालक गुडघ्यांसाठी ॲरिझोनाच्या उबेला गेला होता. उत्तर रस्त्यावर एकोणीस मैलांत अकरा मुलं. गुरुवारच्या शाळा मंडळाच्या बैठकीपर्यंत चालक मिळाला नाही तर फेरी बंद, आणि मुलांचं काय ते आईबापांनी बघायचं. गेलनने मोठ्या गाडीची परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा पास झाला होता, पण आपल्याला जरा सोपे प्रश्न आले अशी त्याला शंका होती.

तेव्हा वॉरंट आहे की नाही हे शोधणं आलं. त्याने शेजारी हाक मारली.

शेजारी व्हर्लिन ऑलक्विस्ट म्हणजे साधासुधा शेजारी नव्हे. बावीस वर्षं काउंटीचा शेरीफ. आता वय एकोणऐंशी, आणि दिवसभर अंगणात खुर्ची टाकून रस्त्यावर नजर. प्रत्येक जाणाऱ्या गाडीला तो मांडीवरची दोन बोटं उचलून सलाम करायचा आणि गाडीवालाही स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायचा. त्या काउंटीत ओळख, आभार, क्षमा आणि करार हे सगळं त्या दोन बोटांत उरकतं.

“वॉरंट शोधायचंय?” व्हर्लिन खुर्चीत ताठ झाला. निवृत्तीनंतर इतका चांगला प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. “तीन रस्ते आहेत बघ. एक, शेरीफच्या कचेरीची वेबसाइट. दोन, फोन. तीन, कोर्टात जाऊन नोंदी बघायच्या. त्या सगळ्यांना खुल्या असतात, कायदाच आहे तसा. पण तुझा वेळ फुकट जाणार. माझ्या काळात एक वॉरंट मागे राहिलं नाही. एकही नाही. माझ्यानंतरच्या पोरांचं मी सांगत नाही.”

गेलनने घरी येऊन पहिला रस्ता धरला. वेबसाइटवर ‘हवे असलेले आरोपी’ असं एक बटण होतं. ते दाबलं की काउंटीच्या जत्रेतल्या ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थाच्या स्पर्धेचा निकाल उघडायचा, आठ वर्षांपूर्वीचा. पहिला क्रमांक रुबार्ब पाय, बर्निस टॉमन. गेलनने तीनदा दाबलं. तिन्ही वेळा बर्निसच निघाली. बर्निस त्याच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, त्यामुळे पुढच्या रविवारी तरी तिच्याकडे सरळ बघता येणार नव्हतं.

दुसरा रस्ता, फोन. शेरीफच्या कचेरीत फोन उचलणारी बाई आगीचे, अपघाताचे आणि रस्त्यावर आलेल्या गुरांचेही फोन उचलायची, त्यामुळे तिच्या आवाजात सगळ्यांसाठी सारखीच काळजी होती, म्हणजे जवळजवळ नव्हतीच.

“वॉरंटची माहिती फोनवर देत नाही. स्वतः या.”

“आणि मी स्वतः आलो, आणि वॉरंट निघालं तर?”

“तर आमचं पेट्रोल वाचेल.”

सोमवारी सकाळी गेलन इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात गेला. बर्डेट काउंटीचं कोर्ट म्हणजे एक दुमजली दगडी इमारत. खाली एका खिडकीवर गाड्यांच्या नंबरपाट्या मिळतात आणि समोरच्या खिडकीवर न्याय. न्यायाच्या खिडकीत ट्विला बेनेश बसायची. ती शाळेत गेलनच्या वर्गात होती. तिचा आवाज मुळातच असा, की शाळेच्या नाटकात तिला पडद्यामागे उभं करायचे आणि तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं.

“बोल, गेलन.”

“एक नोंद बघायचीय. वॉरंटची,” गेलन खिडकीत तोंड घालून कुजबुजला.

“वॉरंटची?” ट्विला म्हणाली. “कुणाच्या नावाचं अटक वॉरंट?”

नंबरपाट्यांच्या रांगेत सातजण होते. सातहीजण एकाच वेळी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

“माझ्या,” गेलन म्हणाला.

कोपऱ्यात लोकांसाठी ठेवलेला संगणक होता. त्यावर गेलनने नाव घातलं, जन्मतारीख घातली आणि श्वास रोखला. काही नाही. कोरा पडदा. गेलनला इतकं हलकं वाटलं की तो रांगेकडे वळून हसलाही. पण मग त्याने पडद्याच्या तळाशी असलेली बारीक अक्षरातली ओळ वाचली. बारीक अक्षर वाचणं हाच त्याचा सत्तावीस वर्षांचा धंदा.

“ट्विला, इथं म्हटलंय की सत्त्याण्णव सालाआधीच्या नोंदी यात नाहीत.”

“तळघरात आहेत. बांधलेल्या वह्या. तिथं कुणी जात नाही, गेलन.”

“मला जायचंय.”

“तू सत्त्याण्णवच्या आधी काय केलंस असं?”

रांग आता कॅलेंडरचा पुढचा महिनाही वाचून संपवत आली होती.

तळघराची किल्ली तण-निर्मूलन अधिकाऱ्याकडे असायची, कारण फवारणीचे डबे तिथंच ठेवलेले. तो अधिकारी काउंटीच्या दुसऱ्या टोकाला काटेरी झुडपं मोजत होता. उद्या ये, असं ठरलं.

कोर्टापासून गेलनचं घर चार मिनिटांवर. तो पोचला तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाकलेली तीन भांडी आली होती.

हे इथं समजून घ्यायला हवं. बर्डेट काउंटीत कुणावर संकट आलं की लोक विचारपूस करत नाहीत. ते अशिष्ट समजतात. ते ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ झाकून आणतात, भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, आणि “गरम करून खा” एवढं बोलून निघून जातात. ऑपरेशन असेल तर ट्यूना आणि नूडल्स. मरण असेल तर हॅम आणि बटाटे. अटकेसाठी काय करायचं याचा पूर्वी कधी प्रसंग आला नव्हता, त्यामुळे लोकांनी दोन्ही आणलं.

“तू आजारी आहेस की मेलायस, एवढंच सांग,” डोरीन म्हणाली. “म्हणजे मला फ्रीजमध्ये कुठल्या कप्प्यात जागा करायची ते कळेल.”

“मी फक्त चौकशी केली.”

“गेलन, या गावात चौकशी करणारा माणूस आणि सापडलेला माणूस यांत फरक नाही. टॉमनबाईंनी पायसुद्धा दिलाय. म्हणाल्या, आत असताना गोड लागतं.”

गेलनचा चेहरा पडला. ज्या माणसाने आयुष्यात लाल दिव्याला पिवळा असतानाच थांबून मागच्या गाड्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला गाव तुरुंगात जाताना डबा देत होतं. त्याने अपमान गिळला. मग रुबार्ब पायही गिळला. पाय चांगला होता. पहिला क्रमांक उगाच नव्हता.

मंगळवारी ट्विला स्वतः तळघरात उतरली. वीस मिनिटांनी वर आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टकं होती, हातात हिरवी वही होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली होता.

“गेलन, बस जरा.”

“का?”

“आहे.”

एकोणीसशे त्र्याण्णव, जुलै. सरकार विरुद्ध गेलन स्टास्नी. विनानोंदणी वाहन राज्य महामार्गावर चालवणं. ठरल्या तारखेला कोर्टात गैरहजर. अटक वॉरंट जारी, न बजावलेलं, अजून चालू. खाली चलनाची प्रत चिकटवलेली: ‘वाहनाचा प्रकार: मक्याचं कणीस. रंग: पिवळा. दारं: नाहीत.’

गेलनला सगळं आठवलं. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. धान्य सोसायटीने एका जुन्या व्हॅनवर अठरा फुटी कणीस उभं केलं होतं आणि आत बसून दाण्यांच्या फटीतून बघत चालवायला चोवीस वर्षांचा गेलन होता. मिरवणूक संपली, सगळे बिअर प्यायला गेले, आणि कणीस परत गोदामात न्यायचं कुणालाच सुचलं नाही. गेलनला सुचलं. जबाबदार माणूस. तो महामार्गाने निघाला आणि दोन मैलांवर शेरीफच्या गाडीचा दिवा लागला.

चलनाखाली सही होती, ठसठशीत. व्हर्लिन ऑलक्विस्ट.

“आता मला शेरीफला कळवावं लागेल,” ट्विला म्हणाली. “नियम आहे. नियमाप्रमाणे तू आत्ता कायद्याच्या ताब्यात आहेस.”

“मी काय करू?”

“तसा बसून राहा. कॉफी घेतोस?”

शेरीफ कोडी राथ्के दुपारी आला. वय चौतीस, बुटांना चिखल, कारण महामार्गावर कुणाचंतरी वासरू आलं होतं. त्याने वही वाचली, टोपी काढली, पुन्हा घातली.

“गेलनकाका, आता नेमकं काय करायचं म्हणता?”

“तू मला अटक करायचीस. कागद मिटेल. मला गुरुवारच्या आत मिटवायचंय, कोडी, मंडळाची बैठक आहे.”

“करतो की. पण ठेवू कुठं? आपल्या तुरुंगाचं छप्पर उतरवलंय. कैदी सत्तर मैल पलीकडच्या काउंटीत पाठवतो आपण, आणि त्यांनी सकाळीच कळवलंय की खाट रिकामी नाही.” त्याने फोन लावून पुन्हा विचारलं. बराच वेळ ऐकलं. “ते विचारतायत, माणूस धोकादायक आहे का.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, कणीस चालवत होता. ते म्हणाले, पुन्हा फोन करू नका.”

असा गेलन स्टास्नी हा काउंटीच्या इतिहासातला पहिला माणूस ठरला, ज्याने स्वतःचं वॉरंट स्वतः शोधून काढलं आणि ज्याला स्वतःहून हजर होऊनही कायद्याने परत पाठवलं. कोडीने मार्ग काढला. न्यायाधीश पाव्हेल्का तीन काउंट्या सांभाळायच्या आणि महिन्यातून दोनच बुधवार इथं यायच्या. नशिबाने उद्या त्यातला एक होता. तोवर गेलनने गाव सोडायचं नाही. गेलन म्हणाला, मी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवनंतर सोडलंच नाहीये.

संध्याकाळी तो व्हर्लिनच्या अंगणात गेला आणि चलनाची प्रत त्याच्या मांडीवर ठेवली.

व्हर्लिनने ती वाचली. एक पिकअप गेली. पिकअपवाल्याने बोटं उचलली. व्हर्लिनची बोटं उचलली गेली नाहीत.

“तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतंय?” गेलनने विचारलं. “मी विचारलं, कोर्टात कधी येऊ. तुम्ही म्हणालात, काही यायची गरज नाही, मी बघून घेतो. आणि बोटं उचललीत.”

“माझ्याकडची प्रत शर्टाच्या खिशात ठेवली होती रे मी, आठवणीसाठी,” व्हर्लिन हळूच म्हणाला. “आमच्या मेबलने शर्ट धुतला असणार.”

“मग वॉरंट निघालं तेव्हा?”

“तेव्हा मला वाटलं, मी तर याला सांगितलंय ना बघून घेतो म्हणून. म्हणजे मिटलंच की.”

रागवायला गेलन आला होता, पण म्हाताऱ्याकडे बघून जमलं नाही. माणसाने बावीस वर्षांच्या नोकरीतून ‘एक वॉरंट मागे राहिलं नाही’ हे एकच वाक्य पेन्शनसारखं जपून ठेवलं होतं, आणि गेलनने ते तपासून खोटं पाडलं होतं.

“उद्या दहाला कोर्ट आहे,” एवढंच तो म्हणाला.

बुधवारी कोर्टाच्या बाकांवर जागा नव्हती. बर्निस टॉमन पहिल्या रांगेत होती. न्यायाधीश पाव्हेल्का साठीच्या, किरकोळ अंगाच्या, आणि दोन काउंट्यांच्या प्रवासाचा शीण डोळ्यांत दिसत होता. त्यांनी फाइल वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

“मिस्टर स्टास्नी, आरोपाबद्दल काही म्हणणं?”

“कणीस मीच चालवत होतो, बाईसाहेब. ताशी अठरा मैल. तेव्हा नोंदणीचा विचार मनात आला होता, पण...”

“मिस्टर स्टास्नी.”

“जी.”

“तुम्ही गप्प बसलात, तर मला तुमची काही मदत करता येईल.”

गेलन गप्प बसला. त्याला फार कष्ट पडले. गुन्हा कबूल झाला की वाहतुकीचा गुन्हा नावावर चढणार, आणि मग गुरुवारचं मंडळ बस सोडा, बसचं पायदानही देणार नाही, हे त्याला माहीत होतं. पण जे घडलं ते घडलं नाही असं म्हणणं त्याच्या तोंडातून फुटेना. डोरीनने मागून त्याचा कोट घट्ट धरून ठेवला होता.

न्यायाधीशांनी व्हर्लिनला पुढे बोलावलं. तो जुना, आता पोटावर न बसणारा शेरीफचा कोट घालून आला होता.

“मिस्टर ऑलक्विस्ट, एकतीस वर्षांत हा आरोपी तुम्हाला सापडला नाही?”

“सापडायचा प्रश्नच नव्हता, बाईसाहेब. हरवलाच कुठं होता? माझ्या शेजारीच राहतो.”

“मग वॉरंट बजावलं का नाही?”

“वॉरंट पळून जाणाऱ्यासाठी असतं. हा रोज सकाळी माझा पेपर दारात आणून टाकतो.”

बाकांवर कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी खोकल्याकडे बघितलं आणि तो थांबला.

“तो कोर्टात का आला नाही, काही कल्पना?”

व्हर्लिनने टोपी हातात एक पूर्ण फेरी फिरवली. नाही म्हटलं असतं तर दोष गेलनवर गेला असता आणि बावीस वर्षांचं नाव राखलं गेलं असतं. गावातल्या कुणालाच त्याने शब्द मोडल्याचं कळलं नसतं, कारण तो शब्द फक्त दोन बोटांनी दिलेला होता.

“मीच त्याला सांगितलं येऊ नकोस म्हणून,” तो म्हणाला. “मी म्हटलं, मी बघून घेतो. शब्द दिला होता.”

“आणि मग बघितलंत का?”

“नाही, बाईसाहेब.” त्याने टोपी काखेत धरली. “आत्ता बघतोय.”

न्यायाधीशांनी सरकारी वकिलाकडे पाहिलं. सरकारी वकील म्हणाले, सरकारला या कणसाबद्दल आता काही म्हणायचं नाही. अधिकाऱ्यानेच येऊ नको सांगितलेल्या माणसाला गैरहजर कसं म्हणायचं, असं न्यायाधीश म्हणाल्या आणि त्यांनी वॉरंट रद्द केलं. मूळ खटलाही एकतीस वर्षं कुणी चालवला नाही म्हणून काढून टाकला. ट्विलाने शिक्का मारला. तो आवाज खाली नंबरपाट्यांच्या खिडकीपर्यंत गेला.

बाहेर पायऱ्यांवर गेलनने व्हर्लिनचा हात धरला. पायऱ्या मोडकळीला आल्या होत्या म्हणून, असं दोघांनीही समजून घेतलं.

घरी येऊन गेलनने चौदाव्या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण केली. इतकी ठाम खूण त्याने आयुष्यात केली नव्हती. मग त्याने पान उलटलं. प्रश्न पंधरा: ‘यापूर्वी कधी असं वॉरंट निघालं होतं काय? असल्यास थोडक्यात लिहावे.’ खाली बोटभर लांबीची रेघ.

त्याने सहा पानं जोडली.

“फाडून टाक ती,” डोरीन म्हणाली. “चार शब्द लिही. होतं. चुकून. आता नाही.”

“मंडळ त्या मुलांना माझ्या हाती देणार आहे, डोरीन. त्यांना सगळं कळलेलं बरं.”

डोरीन उठून आत गेली. मग ती स्टेपलर घेऊन आली.

गुरुवारी मंडळाच्या बैठकीत मुख्याध्यापक होग्लंड यांनी ती पानं मोठ्याने वाचायला घेतली. गेलन मागच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. पहिलं पान शांततेत गेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे हे त्याने स्वतः शोधून काढलं? कुणी सांगितलं नव्हतं?”

“कुणीच नाही.”

“आणि स्वतःच तुरुंगात जायला निघाला होता?”

“तीन वेळा,” होग्लंड म्हणाले.

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. “मग बाकीची पानं कशाला? अजून व्यायामशाळेच्या छपराचा विषय आहे.” हात वर झाले. मोजायची वेळ आली नाही.

सोमवारी सकाळी बस उत्तरेच्या खडीच्या रस्त्याला लागली. नऊ मुलं चढली. कुणी काही विचारलं नाही, फक्त प्रत्येकाने चढताना गेलनकडे नीट निरखून पाहिलं. त्याने वेग वाढवलाही नाही आणि कमीही केला नाही. शेवटचं घर एकोणिसाव्या मैलावर, हॅवलिचेक यांचं. तिथं कोपऱ्यावर त्या घरची आई गाडीत बसून होती. दोन्ही मुलं मागच्या सीटवर पट्टे लावून तयार. इंजिन चालू, वेळ पडली तर मुलांना स्वतःच शाळेत सोडायला. बस येईल याची खात्री कुणी दिली तरी तिने घेतली नव्हती, आणि चालक कोण आहे हे कळल्यावर तर मुळीच नाही.

गेलनने बस थांबवली आणि दार उघडायची कळ दाबली. काचेवरचे वायपर सुरू झाले. त्याने दुसरी कळ दाबली. हॉर्न वाजला. तिसऱ्या कळीला दार उघडलं. लख्ख उन्हात वायपर कोरडी काच घासत राहिले.

“सुप्रभात, मिसेस हॅवलिचेक,” गेलन म्हणाला. “चार मिनिटं लवकर आलोय. तुमचं आवरेपर्यंत थांबतो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, वायपरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मागे वळून मुलांना काहीतरी म्हणाली. मुलांनी पट्टे सोडले.

मग तिने हात पुढे नेला आणि इंजिन बंद केलं.